एकशे एकचा मान

ती काळी डबी चालू झाली तर माधुरी पगारेच्या पदरात काय पडणार, याचा हिशेब शाळेच्या ऑफिसात ज्यानं त्यानं आपापल्या परीनं मांडून ठेवला होता. शिपाई वैजनाथच्या मते बाईंना सुटायच्या वेळेला सुटता येणार होतं. शेजारच्या टेबलावरच्या योगेशच्या मते काहीच नाही, उलट होता तो रुबाबही जाणार होता. स्वतः माधुरीच्या हिशेबात जमेच्या बाजूला एकच गोष्ट होती : मुख्याध्यापकांची सही. आणि ती सही ज्याच्या भरवशावर होती, तो माणूस आत्ता तिच्याच टेबलाखाली पालथा पडला होता.

"ताई, टॉर्च जरा हिकडं," खालून बाबाजान म्हणाला. "ही वायर उंदरानं खाल्ली का वैजनाथनं?"

"उंदरानं," वैजनाथ दारातून म्हणाला. "आमी चहाबरोबर खारी खातो."

बाबाजान नेवाशाचाच, याच शाळेत शिकलेला. आधी लग्नाच्या मांडवात स्पीकरच्या वायरी ओढायचा, मग केबल टीव्हीच्या ओढल्या, आता नेटवर्कच्या ओढत होता. वायर तीच, आतून जाणारं तेवढं बदललं, असं तो म्हणे. ढोपरावर हात टेकत तो बाहेर आला, चष्मा पुसला आणि डबी टेबलावर ठेवली.

"ह्याला प्रिंट सर्व्हर म्हनत्यात. म्हंजे आजवर तुमी जे करत हुता, ते आता ही करनार."

"मी काय करत होते?"

"कागद वाटत हुता."

यात चेष्टा कमी आणि खरं जास्त होतं. ऑफिसातला मोठा प्रिंटर माधुरीच्या कॉम्प्युटरला जोडलेला. बाकीच्या टेबलांवरून जे काही छापायचं, ते तिच्या मशीनमधून जायचं. तिचं मशीन बंद, तर साऱ्या शाळेचे कागद बंद. म्हणून सकाळी वैजनाथ कुलूप काढायचा तेव्हा ती पायरीवर उभी, आणि संध्याकाळी शेवटचा मास्तर आपलं बिल छापून जाईपर्यंत खुर्चीत बसलेली. रजा मागितली की मुख्याध्यापक दहातोंडे सर म्हणत, "घ्या की बाई रजा. मशीन तेवढं चालू ठेवून जा." आणि लाईट गेली की मशीन मान टाकायचं, मग ते उठवायला बाईच लागत.

होता होता ते बोलण्यातच शिरलं. प्रिंट काढ, असं कुणी म्हणेना. "माधुरीला सोड", "माधुरीवर मारलंय, बघ निघालं का", "माधुरी अडकली वाटतं". नवीन आलेला मास्तर पहिल्या दिवशी दचके आणि आठवड्यात स्वतःच तसं बोलू लागे. तिनं कधी हरकत घेतली नाही. दिवसभर आपलं नाव घेतलं जातंय आणि त्यात हाक मात्र एकही नाही, हे लक्षात यायला फुरसत लागते.

तिला जायचं होतं राजूरला. संस्थेची एक शाळा तिथं होती आणि तिथल्या क्लार्कची जागा रिकामी झाली होती. राजूरच्या वर, डोंगराच्या अंगाला तिची आई एकटी राहत होती. चांगुणाबाईची भाताची दोन खाचरं, दोन शेळ्या आणि अधू झालेली नजर. उन्हाळ्यात ती विहिरीच्या पायरीवर पडली आणि तशीच लंगडत घरी आली. ही गोष्ट माधुरीला आईकडून नव्हे, मामेभावाकडून कळली. नवरा फॅक्टरीत नोकरीला असतानाच वारलेला, मुलगी आरती पुण्यात नोकरीला. अडवणारं तसं नेवाशात कुणी नव्हतं. एक प्रिंटर तेवढा होता.

"तूच ये ना इथं," ती फोनवर आईला म्हणे.

"तुज्या त्या नेवाशाला? पानी गरम, वारं गरम, मानसं बी गरम. आन् डोंगूर न्हाई. सकाळी उटून बघायचं कशाकडं?"

"मग मीच येते."

"ये. आवनीच्या आत ये. भाताला दोन हात जास्तीचे लागत्यात."

संस्थेचे सेक्रेटरी आबासाहेब बदल्यांची यादी शाळा उघडायच्या सुमारास पक्की करत. त्यांच्याकडे अर्ज जायचा तर मुख्याध्यापकांचं 'हरकत नाही' असं पत्र हवं. सरांनी हरकत कधीच घेतली नव्हती. ते एवढंच म्हणाले होते, "पगारेबाई, तुमच्यावाचून इथं कागद हलत नाही. तुमच्यावाचून प्रिंटर चालतो एवढं माझ्या डोळ्यांना दिसू द्या, तिथल्या तिथं सही करतो." दहातोंडे सर वाईट नव्हते. वाईट माणसाकडून काम काढून घेता येतं. चांगल्या माणसाच्या सवयीपुढं इलाज नसतो.

म्हणून तिनंच मागणीपत्र लिहून, संस्थेत खेटे घालून ही डबी मंजूर करून घेतली होती.

बाबाजाननं प्रिंटरची वायर तिच्या मशीनमधून उपसली आणि डबीत खोचली. डबीची वायर भिंतीवरच्या राउटरला गेली. हिरवा दिवा लुकलुकला.

"आता हिला कायमचा नंबर द्यायचा," तो म्हणाला. "घराला असतो तसा. रोज बदलला तर तुमची टेबलं कागद टाकनार कुनाच्या दारात? अकरा देऊ."

"अकराच का?" योगेशनं मान वर केली.

"कारन शंभराच्या पुढचे नंबर राउटर आपल्या मनानं वाटतो. जो येईल त्याला. त्यातला एखादा हिला दिला आन् उद्या त्योच दुसऱ्या कुनाला गेला, की दोगांत भांडनं. एका घराला दोन मालक."

"नंबर द्यायचाय? मग सरांना विचारल्याशिवाय नाही हं. मागं कपाटांवर नंबर टाकले तर पुन्हा रंगवायला लावले होते."

सर मीटिंगला नगरला गेले होते. योगेशनं फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. सगळं ऐकून घ्यायच्या आत सर म्हणाले, "एकशे एक."

"सर, ते शंभराच्या पुढचे आकडे..."

"बाबाजान, शुभकार्याला कुणी नुसता शंभर देतं का रे? वर एक लागतो. एकशे एक टाक."

सरांनी बाबाजानला गणित शिकवलं होतं. गणिताच्या मास्तरांशी आकड्यावरून वाद घालायची त्याची सवय सातवीतच मोडली होती. त्यानं माधुरीकडे पाहिलं.

तिच्याजवळ वाक्य तयार होतं. 'सर, भाई म्हणतायत तर अकराच राहू द्या.' फोन चालू होता, बोलायला सवडही होती. पण तिनं मनात तोलून पाहिलं. आपण बोललो की सर म्हणणार, थांबा, मी आल्यावर बघू. सरांच्या 'आल्यावर बघू'मध्ये आजवर प्रयोगशाळेचा नळ गेला होता, मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी गेली होती. डबी खोक्यात परत जायची आणि यादी पक्की व्हायची. तिनं ते एक वाक्य वाचवलं.

"टाका एकशे एक," ती म्हणाली.

"साहेबांचा आकडा साहेबांना," बाबाजान पुटपुटला आणि एकेका टेबलावर जाऊन त्यानं नवा पत्ता भरला.

दुपारी योगेशनं आपल्या टेबलावरून दाखला सोडला. कुणाला न विचारता प्रिंटरनं तो बाहेर ढकलला. जिल्ह्याचं नाव 'अहिल्यानगर' झालेला नवा नमुना, सुबक, गरम. माधुरीनं उजेड असतानाच आपलं मशीन बंद केलं. पंखा थांबला तशी हाताखालच्या टेबलाची बारीक थरथर थांबली. ती थरथर टेबलाची नव्हती, हे तिला इतक्या वर्षांनी कळलं.

"उद्या सही होतेय," तिनं आईला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सर प्रिंटरसमोर येऊन उभे राहिले. हाताची घडी, खिशात पेन. खिडकीपाशी दाखल्यासाठी पालकांची दाटी. योगेशनं प्रिंट सोडली. प्रिंटर गप्प. पुन्हा सोडली. माधुरीनं डबीची वायर काढून घातली. प्रिंटरनं एकदा घसा खाकरल्यासारखं केलं आणि पुन्हा गप्प.

"काल तर चांगला चालला होता, सर," योगेश म्हणाला.

"काल मी नव्हतो," सर म्हणाले. त्यात किती तथ्य होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. "लावा परत बाईंच्या मशीनला. लोक ताटकळलेत."

सर बँकेत गेले. माधुरीनं पुन्हा वायर डबीला लावली, तर अडकलेले सगळे दाखले एकापाठोपाठ एक बाहेर आले. सर परतले, प्रिंटर बंद. मग तो रोजचाच खेळ झाला. सर वर्गात चक्कर मारायला गेले तरी तो अर्धवट रुसलेला असे, आणि त्यांची गाडी फाटकाबाहेर पडली की खडखडून जागा होई. बाबाजानला फोन लावावा तर तो शेवगावला एका कॉलेजात वायरी ओढत होता. "येतो ताई, हितलं छत उघडं पडलंय, तेवढं झाकून येतो." भांडण लागेल, हे त्याचं बोलणं माधुरीच्या डोक्यात होतं. कुणाशी, ते मात्र उमगेना. आणि सरांना विचारायचं तर आकड्याचा विषय काढावा लागणार. जे वाक्य न बोलून वेळ वाचवला होता, तेच आता बोलणं अवघड झालं होतं.

"झाली का सही?" आई विचारी.

"उद्या."

"सही हाय का पाऊस, रोज उद्या म्हनाया? रोज त्या साहेबाच्या म्होरं हुबी ऱ्हातीस व्हय?"

"राहावं लागतं."

"मंग? काय म्हनतो त्यो?"

"नाही म्हणत नाही गं."

"आन् हो बी म्हनत न्हाई." आईनं तो विषय तिथंच सोडला. "जेवलीस का?" मग तिनं विचारलं आणि फोन ठेवला.

शेवटी कोडं सुटलं ते योगेशच्या टिंगलीतून. त्या दिवशी सर एका लग्नाला निघून गेले आणि प्रिंटर सुरू झाला. खिडकीतल्या एका बाईंनी विचारलं, "आत्ता तर बंद म्हनत हुते ना तुमी?"

"त्याचं काय आहे मावशी," योगेश म्हणाला, "ही आमची नवी नवरी आहे. सासरा घरात असला की तोंडातून शब्द काढत नाही. सासरा बाहेर पडला की मग बघा तिची बडबड."

खिडकीत हशा पिकला. वैजनाथनं डोक्यावर रुमाल ओढून नवरीचं सोंग करून दाखवलं. माधुरी हसली नाही. शिक्का हातात तसाच धरून ती प्रिंटरकडे पाहत राहिली आणि मग तिनं फोन उचलला.

"भाई, सर आले की बंद, सर गेले की चालू. असं कशानं होईल?"

पलीकडून हातोडीचे आवाज येत होते. मग बाबाजान हसू लागला. दमलेला माणूस हसतो तसं, आवाज न काढता, नुसत्या श्वासानं. "आयला. सरांचा मोबाईल. राउटर बसवला तवा पैला मोबाईल त्यांचाच जोडला हुता मी. एकशे एक त्यांच्याकडंच आसनार. उद्या येतो, ताई. छताचं काय व्हायचं ते हूं द्या."

दुसऱ्या दिवशी बाबाजान आला आणि सरांच्या केबिनमध्ये हात बांधून उभा राहिला. माधुरी दारात.

"सर, एक गोष्ट सांगायची हुती. एकशे एक नंबर आधीपासनं तुमच्या मोबाईलकडं हाय."

"म्हणजे?"

"राउटरनं तुमाला दिलेला. तुमी आत आला की मोबाईल आपला नंबर मागतो. प्रिंटर त्याच खुर्चीत बसलेला. मग दोगं बी ताटकळत्यात."

सरांनी मोबाईल हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. ते रागावतील असं माधुरीला वाटलं होतं. सरांचा चेहरा मात्र उजळला.

"मला? आपोआप एकशे एक?"

"आपोआप."

"योगेश, ऐकलंस का?" सरांनी बाहेर हाक घातली. "मशीनलासुद्धा कळतं कुणाला काय द्यायचं ते! मग राहू दे की माझ्याकडेच. प्रिंटरला दुसरा दे एखादा."

"अकरा देऊ का, सर?"

"दे. अकराही वाईट नाही. अकरा नारळांचं तोरण असतं."

चहा यायच्या आत बाबाजाननं डबीला अकरा दिला आणि टेबलं फिरून आला. योगेशनं सरांच्या देखत प्रिंट सोडली. प्रिंटरनं एकदा खाकरून कागद पुढं केला. सरांनी तो उलटून पाहिला, नाकाजवळ नेला आणि म्हणाले, "बघा! उगाच घाबरत होता सगळे." मग त्यांनी माधुरीचं 'हरकत नाही'चं पत्र मागितलं. ते तिनं केव्हाच टाईप करून ठेवलं होतं. तिनं योगेशच्या टेबलावरूनच ते छापलं, स्वतःच्या मशीनला हात न लावता. सरांनी ठळक, वळणदार सही केली.

"सुखात जा, बाई. आईची सेवा करा. आज आबासाहेब आहेत संस्थेत, सुटल्यावर देऊन टाका हातोहात."

पत्र पर्समध्ये ठेवून ती टेबलाशी आली, तोच फोन वाजला. मामेभाऊ, सहादू.

"जयभीम ताई. ऐका, आत्याला संगमनेरातनं येष्टीत बसवून दिलीया. श्रीरामपूरला बदलायची गाडी बी सांगितलीया कंडक्टरला. सांजंला पोचल. उतरवून घ्या तिला."

"आईला? इकडे? कशाला रे?"

"तिनंच काढलं. म्हनली, पोरगी कुटवर त्या साहेबाच्या दारात हुबी ऱ्हाईल? मी हितं ऱ्हायले म्हनून तिला यावं लागतंय, मी हाललं म्हंजे झालं." सहादू घुटमळला. "खाचरं मला दिली वाट्यानं. शेळ्या बी. आन् घरात आमच्या पोराचं बिऱ्हाड लावलंया, लगीन झालं ना त्याचं आत्ता. तिनंच भांडी काडून दिली त्यांना. ताई, मी मागितलं न्हवतं हां. तिनं चावी हातात दिली. दिलेली जागा मानूस माघारी घेतंय का?"

"नाही," माधुरी म्हणाली. "नाही घेत."

सुटायच्या वेळी ती उठली तेव्हा ऑफिसात अजून दोन मास्तर बिलं छापत होते. तिला कुणी थांब म्हटलं नाही. दारातून बाहेर पडताना मागून योगेश एका मास्तरांना सांगताना ऐकू आला, "सर, अकरावर मारलंय, बघा निघालं का."

संस्थेचं ऑफिस स्टँडच्या वाटेवरच होतं. आबासाहेबांची गाडी बाहेर उभी होती. माधुरी त्या गाडीपाशी थोडी थांबली. मग पुढे गेली.

श्रीरामपूरची गाडी धुरळ्यात वळली. आधी एक गाठोडं उतरलं, मग एक पिशवी, मग कंडक्टरचा हात धरून चांगुणाबाई. ऊन कलायला लागलं होतं तरी स्टँडची फरशी तापलेलीच होती. म्हातारी चपलेतून पाय उचलून उचलून ठेवत होती.

"आई, सांगायचंस तरी."

"सांगितलं आस्तं तर तू न्हाई म्हनली आस्तीस." तिनं चाचपत लेकीचा दंड धरला. "तुला लई तरास हुतोय हितं सह्या मागाया. म्हनलं, आपनच जावं. तुजा सायेब बी सुटला आन् तू बी."

माधुरीच्या काखेत पर्स होती. पर्समध्ये पत्र होतं. तिनं पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि गाठोडं उचललं.

"सही झाली का गं मंग?" चालता चालता म्हातारीनं विचारलं.

"नाही," माधुरी म्हणाली. "नाहीच झाली शेवटी."

"बघ," म्हातारी समाधानानं म्हणाली. "मला वाटलंच हुतं. बरं झालं आले."

तसं पाहिलं तर या व्यवहारात कुणाचं काही बुडालं नाही. सरांना त्यांचा एकशे एक मिळाला, ते तो अजून येईल-जाईल त्याला दाखवतात. प्रिंटरला अकरा मिळाला आणि तो विनातक्रार कागद देतो. बाबाजानचं छत झाकून झालं. योगेशला सांगायला एक गोष्ट मिळाली. माधुरी पगारे आता वेळेवर घरी येते, रजाही मागते, आणि तिचं नाव घेतलं जातं ते तिला हाक मारण्यासाठीच. त्या दिवशी फोनवर एक वाक्य वाचवलं होतं, तेवढी शिल्लक तिच्याकडे राहिली. ती खर्च कशी करायची, हे तिला अजून सुचलेलं नाही.

किंमत जिनं मोजली, तिनं जन्मात प्रिंटर पाहिलेला नव्हता. ती पहाटे सवयीनं उठते, भिंतीला धरून दारात येते आणि पश्चिमेकडे, राजूरच्या दिशेला, तोंड करून उभी राहते. समोर शेजाऱ्यांची पाण्याची टाकी आहे, काळी, उंच. अधू नजरेला ती कशी दिसते कुणास ठाऊक. पण म्हातारी तिच्याकडं बराच वेळ बघत असते.